अमिदा संपते आणि मन भलतीकडेच असतं : कव्वानाच्या नेहमीच्या तक्रारी आणि त्यावरचे उपाय

तक्रार एकच असते, सांगण्याची तऱ्हा तेवढी वेगळी. "तीन पावलं पुढे टाकून उभा राहिलो, आणि भानावर आलो तेव्हा तीन पावलं मागे घेत होतो." मधल्या एकोणीस बेराखा म्हटल्या कुणी? तोंडानेच म्हटल्या, एकही चुकली नाही. मन तेवढ्या वेळात घरमालकाशी भाडं ठरवून, भाचीच्या लग्नाची पाहुण्यांची यादी करून परत आलं. मग माणूस निश्चय करतो, चार दिवस दात-ओठ खाऊन लक्ष देतो, जरा सुधारतं, आणि पाचव्या दिवशी पुन्हा जैसे थे. आमच्या सिनेगॉगमध्ये तरुण मुलं हे उघड विचारतात. म्हातारी माणसं बाजूला घेऊन विचारतात, एवढाच फरक.

ही भाषा ज्यांना नवी आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. अमिदा म्हणजे यहुदी माणसाने दिवसातून तीनदा, पाय जुळवून, जेरुसलेमकडे तोंड करून पुटपुटत म्हणायची उभी प्रार्थना. एरवीच्या दिवशी तिच्यात एकोणीस बेराखा, म्हणजे आशीर्वचनं, असतात, शब्बाथला (शनिवारी) सात. तोंडातल्या शब्दाबरोबर मनही तिथे हजर असणं, याला कव्वाना म्हणतात. ही पोस्ट आपल्या बेने इस्राएल मंडळींना, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांना, समोर ठेवून लिहिली आहे, पण जपाची माळ ओढताना आमटीला फोडणी दिली की नाही हे आठवणाऱ्या कुणालाही ती वाचायला हरकत नाही.

आधी स्वतःला शिव्या देणं थांबवा

जेरुसलेमी तालमूद, म्हणजे रब्बींच्या (धर्मपंडितांच्या) चर्चांचा जुना ग्रंथ, त्याच्या बेराखोत खंडात एक उतारा आहे, तो मी सगळ्यात आधी वाचायला देतो. थोर रब्बी हिय्या सांगतात की आयुष्यात मला कधी कव्वाना साधली नाही. एकदा प्रयत्न केला, तर मनात काय आलं? राजापुढे आधी कोण जातो, इराणी दरबारातला सरदार की आपला यहुद्यांचा प्रमुख? श्मुएल म्हणतात, मी पक्ष्यांची पिल्लं मोजली. रब्बी बुन बार हिय्या म्हणतात, मी भिंतीतल्या विटांचे थर मोजले. आणि रब्बी मत्तन्या म्हणतात, मी माझ्या डोक्याचे आभार मानतो, मोदीम (वाकून म्हणायची आभाराची बेराखा) आलं की ते आपोआप वाकतं!

हे वाचून काहींना धक्का बसतो. मला त्यातला रब्बी मत्तन्यांचा सूर फार आवडतो, कारण सवयीला शत्रू मानू नये हे त्यात आहे. धर्मशास्त्र तर सवयीचा हिशेबच करतं. शेमिनी अत्सेरेत या शरदातल्या सणापासून दुसऱ्या बेराखेत पावसाचा उल्लेख सुरू होतो. तो केला की नाही याची शंका आली तर शुल्हान आरूख हा धर्मनियमांचा ग्रंथ विचारतो, बदल होऊन तीस दिवस झाले का? झाले असतील तर तुम्ही बरोबरच म्हटलं असं धरायचं. तीस दिवस, रोज तीन वेळा, म्हणजे नव्वद वेळा म्हटल्यावर जीभ स्वतःहून बरोबर वळते. पुढे जाऊन तो असंही सुचवतो की तो तुकडा पहिल्याच दिवशी नव्वद वेळा घोकून टाकावा, म्हणजे भागलं. जिभेला वळण लागणं हा बिघाड मानला असता तर ही सूचना कशाला दिली असती? जीभ आपलं काम करते आहे. मन कुठे निसटतं ते शोधायचं आहे, आणि ते प्रत्येकाचं वेगळ्या जागी निसटतं. म्हणून चार दिवस नुसतं बघा. जोर लावू नका, कुठल्या बेराखेला भान सुटलं तेवढं लक्षात ठेवा. पुढचे उपाय त्यावर अवलंबून आहेत.

पहिल्याच ओळीला निसटत असेल

मग दोष प्रार्थनेत नसतो, तिच्या आधीच्या पाच मिनिटांत असतो. मिश्नात, म्हणजे तालमूदचा पाया असलेल्या जुन्या नियमसंग्रहात, म्हटलं आहे की पूर्वीचे भक्त प्रार्थनेआधी एक तास थांबत, मन स्वर्गातल्या पित्याकडे लावायला. आपल्याला तास कुठला मिळायला! पण आपण शून्य मिनिटं थांबतो. जिना चढता चढता फोनवर बोलणं संपवायचं, आत येऊन तालीत (प्रार्थनेची शाल) ओढायची आणि हझान (प्रार्थना चालवणारा) जिथे असेल तिथून धावत सुटायचं. रामबाम, म्हणजे मध्ययुगातले थोर पंडित मायमोनिडीझ, आपल्या 'मिश्ने तोरा' या नियमग्रंथात लिहितात की प्रवासातून थकून आलेल्याने मन ठिकाणावर येईपर्यंत प्रार्थना करू नये, त्याला तीन दिवस लागले तरी. हा नियम आज कुणी तसा पाळत नाही, पण विरार लोकलमधून उतरून थेट मिनहाला, म्हणजे दुपारच्या प्रार्थनेला, उभं राहणाऱ्याने तो एकदा डोळ्याखालून घालावा.

करायचं एवढंच. फोन बंद, नुसता सायलेंट नाही. लघवीला जाऊन यायचं. हेही शास्त्रात आहे, लाजू नका. मग बसायचं. सिद्दूर, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक, उघडून पहिली बेराखा फक्त डोळ्यांनी वाचायची. रामबाम सांगतात, मनातले सगळे विचार काढून टाकावेत आणि आपण शेखिनेसमोर, म्हणजे देवाच्या सान्निध्यात, उभे आहोत असं स्वतःला पाहावं. शब्दांचे अर्थ ही पुढची गोष्ट. कुणासमोर उभे आहोत हे आधी. तीन पावलं पुढे टाकताना एवढा एकच विचार पुरे, आणि ती पावलं टाकायची तर सावकाश.

ऑफिसात मिनहा करणाऱ्यांची अडचण वेगळी. जागा नाही, कुणी बघतं, मीटिंग आहे. गाढवावर बसलेल्याला मिश्ना म्हणतो, उतर. उतरता येत नसेल तर तोंड वळव. तोंडही वळवता येत नसेल तर मन तरी परमपवित्र स्थानाकडे लाव. मुंबईकराने यातली पहिली पायरी सोडू नये. कोपरा शोधता येतो, बहुतेक ठिकाणी जिन्याचा टप्पा रिकामा असतो. पण गाडीत अडकलात आणि सूर्य मावळायला आला तर बसून, मनाने वायव्येकडे वळून म्हणा. दाराशी लोंबकळत उभ्याने म्हणण्यापेक्षा ते बरं.

शब्द पाठ आहेत, अर्थ लागत नाही

आपल्याकडचं हे सगळ्यात जुनं दुखणं. लहानपणी वडिलांशेजारी उभं राहून ऐकलं, देवनागरीत लिहून घेतलं, चाल बसली. आज हिब्रू अक्षरंही येतात, पण "गोमेल हसादीम तोवीम" म्हणताना डोळ्यापुढे काही येत नाही. रिकाम्या जागेत भाडं आणि लग्नाची यादी शिरणारच.

मिश्नात सोता खंडाच्या सातव्या अध्यायात यादीच आहे, कोणत्या गोष्टी कुठल्याही भाषेत म्हणता येतात याची. त्यात शेमा, म्हणजे देव एकच आहे ही ग्वाही, आहे, अमिदा आहे, जेवणानंतरची बेराखाही आहे. मराठीत प्रार्थना म्हणजे काहीतरी कमीचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ध्यानात घ्यावं. मुंबईत हागादा, म्हणजे पेसाह (वल्हांडण) सणाच्या रात्री वाचायची पोथी, हिब्रू-मराठीत १८४६ सालीच छापली गेली. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरं करण्यात आयुष्य घातलं. ही पुस्तकं पुष्कळ घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर आहेत. काढा.

तरी माझं मत असं की अमिदा हिब्रूतच म्हणावी आणि मराठी आधी वाचावं. समोर दोन्ही ठेवून डोळे इकडून तिकडे फिरवत बसलात तर लक्ष आणखी फाटतं. आणि एकोणीस बेराखांचा अर्थ एका आठवड्यात शिकायला जाऊ नका. पहिली घ्या. शुल्हान आरूखचा नियमच आहे की सगळ्या बेराखांत मन ठेवावं, जमत नसेल तर निदान पहिल्या, पूर्वजांच्या बेराखेत तरी ठेवावंच.

ती बेराखा जवळून बघू. "एलोहे अव्राहाम, एलोहे यित्झहाक, वेलोहे याकोव." देव हा शब्द तिघांपुढे तीन वेळा का? एकदा म्हणून भागलं असतं. जुना खुलासा असा की मुलाने बापाचा देव आयता घेतला नाही, प्रत्येकाला तो स्वतः शोधावा लागला. एवढं माहीत झालं की तिथे जीभ आपोआप अडखळते, आणि ते अडखळणं हवंच आहे. पुढे थोर, बलवान, भयप्रद ही तीन विशेषणं. तीनच. बाबिलोनी तालमूदमध्ये एका हझानने स्वतःची आणखी विशेषणं जोडली, तेव्हा रब्बी हनिना त्याचं होईपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, "झाली का तुझ्या धन्याची स्तुती करून?" मग "वेझोखेर हस्दे अवोत", पूर्वजांची सत्कृत्यं आठवणारा. इथे एक श्वास थांबा आणि तुमच्याच घरातला एखादा पूर्वज आठवा. ज्याच्या गावाचं आडनाव तुम्ही लावता तो चालेल. शेवटी चार शब्द एकामागोमाग येतात : राजा, साहाय्य करणारा, वाचवणारा, ढाल. हे चार घाईत एकमेकांना चिकटतात. ते सुटे करा. माझ्या पाहण्यात तेवढ्यानेच बऱ्याच जणांची पहिली बेराखा जागेवर आली आहे.

ती पक्की झाल्याशिवाय दुसरी घेऊ नका, मग महिने लागोत. रामबामनीही 'मोरे नेवुखीम' या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात पायऱ्यांचा क्रम दिला आहे : आधी शेमा आणि अमिदा, तीही नुसत्या पहिल्या वाक्यावर आणि पहिल्या बेराखेवर न थांबता, आणि हे वर्षानुवर्षं अंगवळणी पडल्यावर पुढचं. त्यांच्यासारख्या माणसाने वर्षं म्हटलं आहे.

मधल्या बेराखांत काळज्या घुसतात

इथे दोन घराण्यांचे दोन उपाय आहेत. हसिदी परंपरेत (अठराव्या शतकातला यहुदी भक्तिपंथ) सुरुवातीच्या काळात शिकवत की आलेला परका विचार उचलून त्याच्या मुळाशी, देवाकडे न्यावा. पण त्याच परंपरेतले लियादीचे श्नेऊर झल्मान सामान्य माणसाला स्पष्ट सांगतात की त्या फंदात पडू नकोस, ते मोठ्यांचं काम. विचार आला की न ऐकल्यासारखं कर, त्याच्याशी वाद घालू नकोस, आणि आणखी जोराने प्रार्थनेला लाग. त्यांचं 'तान्या' १७९६ साली छापलं गेलं. त्याच वर्षी मुंबईत सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी शार हारहामिम सिनेगॉग उभं केलं. दोघांना एकमेकांचा पत्ताही नसणार.

मला तिसरा उपाय जास्त उपयोगी वाटतो, आणि तो अमिदाच्या रचनेतच आहे. काळजीला तिच्या बेराखेत जागा द्या. आईचं ऑपरेशन मनात घोळतंय? ते "रेफाएनू"चं, म्हणजे आजार बरा होण्याच्या बेराखेचं, काम आहे, तिथे तिचं नाव घ्या. मुलाची बारावी असेल तर चौथी बेराखा बुद्धीचीच आहे. नोकरी, धंदा, कर्जाचे हप्ते नवव्या बेराखेत. आणि जे कुठेच बसत नाही ते सगळं सोळाव्या, "शेमा कोलेनू"मध्ये. तिथे स्वतःच्या शब्दांत काहीही मागायची मुभा आहे. शेवटी "एलोहाय नेत्सोर"पाशी मराठीत मनसोक्त बोला. एकदा मनाला ठाऊक झालं की आपल्या काळजीची पाळी येणार आहे, की ते तिसऱ्या बेराखेत दार ठोठवत नाही. शब्बाथच्या अमिदात मात्र या मागण्यांच्या मधल्या तेरा बेराखा नसतात, त्या दिवशी काळजीला सुट्टी.

शब्द एक, खिडकीबाहेर दुसरंच

ही तक्रार खास आपली आहे आणि कुठल्या परदेशी पुस्तकात तिचं उत्तर चटकन सापडत नाही. डिसेंबरच्या ४ किंवा ५ तारखेच्या संध्याकाळपासून नवव्या बेराखेत आपण पाऊस मागायला लागतो, तो पेसाहपर्यंत. बाहेर निरभ्र आकाश, थंडीत पापड वाळत घातलेले. आणि जूनमध्ये, तानसा-भातसाचे आकडे पेपरात रोज खाली जात असताना, आपण "बारेखेनू" म्हणतो आणि त्यात पावसाचं नाव नाही. एका मुलाने विचारलं होतं, मग हे खरं कसं म्हणायचं?

तारीख बाबिलोनहून आली आहे. तिथल्या शेतीला ऋतूप्रमाणे जेव्हा पाऊस हवा असे तेव्हापासून तो मागायचा, हा देशाबाहेरच्या साऱ्या यहुद्यांचा नियम झाला. पण आपला प्रश्न आपणच पहिल्यांदा विचारलेला नाही. तालमूदच्या तआनीत खंडात निनवेच्या लोकांनी रब्बी यहुदा हानासींना विचारणा पाठवली आहे : आम्हाला तम्मूझ महिन्यातही पाऊस लागतो, आम्ही काय करायचं? तम्मूझ म्हणजे जून-जुलै! आमच्या मृगाचे-आर्द्राचे दिवस. रब्बींनी निरोप धाडला, सोळाव्या बेराखेत मागा, नवव्या नको. शुल्हान आरूखातही हाच निर्णय आहे. तेव्हा मान्सून लांबला की "शेमा कोलेनू"मध्ये थांबा आणि महाराष्ट्रासाठी पाऊस मागा. मात्र नवव्यात उन्हाळ्यात पावसाचे शब्द घालू नका, तसं झालं तर अमिदा पुन्हा म्हणावी लागते.

हे कळल्यावर अनेकांचा नववा-सोळावा टप्पा एकदम जिवंत होतो. डिसेंबरात आपण दुसऱ्यांच्या पावसासाठी उभे राहतो, जूनमध्ये स्वतःच्या. दोन्ही करण्यासारखंच आहे.

सगळं करून पाहिलं, तरी टिकत नाही

मग दिवसातून तीनदाच सराव होतोय, हे कारण असू शकतं. उरलेल्या दिवसात तोंडात घास टाकताना, दाराच्या चौकटीवरची मेझुझा (शास्त्रवचनांची डबी) हाताने शिवताना, संडासातून आल्यावर "अशेर यात्सार" म्हणताना मन जर गैरहजर, तर तीन वेळच्या त्या चार मिनिटांत ते कुठून हजर होणार? रब्बी मेईरनी दिवसाला शंभर बेराखा म्हणाव्यात असं सांगितलं. त्यातली एक निवडा. एकच.

मी केळ्याची सुचवतो. मलिद्याचं ताट आठवा : भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. एलियाहू हन्नाबीचं (संदेष्टा एलियाचं) नाव घेऊन झालं की फळांवर बेराखा होते. खजुरावर झाडाच्या फळाची, "बोरे पेरी हाएत्स". केळ्यावर मात्र जमिनीच्या पिकाची, "बोरे पेरी हाअदामा". लहानपणी हे नुसतं पाठ असतं. पण अलिबागकडच्या कुठल्याही वाडीत जाऊन बघा. घड उतरवला की केळीचा तो खांब संपला, लोक तो कापूनच टाकतात, पुढचं फळ बाजूच्या कोंबाला. खजुराचं झाड वर्षानुवर्षं त्याच खोडावर फळतं. हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस डब्यातलं केळं सोलताना अर्धा क्षण तरी थांबतो, फळ हातात घेऊन बघतो, मग बेराखा म्हणतो, मग खातो. बेराखा म्हणताना चावायला सुरुवात केलेली नसते, एवढ्यानेही फरक पडतो. हा अर्धा क्षण रोजचा झाला की अमिदाआधी थांबणं फारसं जड जात नाही.

उलटी तक्रार

काहींचं नेमकं उलटं होतं, आणि त्यांना वरचे सल्ले अपाय करतील. आपल्या पूर्वजांकडे नवगावच्या किनाऱ्यावर लागल्यावर पुस्तकं उरली नव्हती, शेमाचं पहिलं वाक्य तेवढं टिकलं, असं आपण सांगत आलो. त्या वाक्याबद्दल शास्त्र कडक आहे : मन नसेल तर ते पोचलं नाही. म्हणून काही जण डोळ्यांवर हात ठेवून त्यातल्या "एहाद" (एक) या शब्दापाशी अडकतात. नीट झालं नाही, पुन्हा. पुन्हा. घामाघूम होईपर्यंत.

त्यांच्यासाठी नियम वेगळे आहेत. शेमाचं वाक्य मोठ्याने लागोपाठ दोनदा म्हणायलाच बंदी आहे, दोन देवांना हाक मारल्यासारखं दिसतं म्हणून. मन खरंच दूर होतं असं वाटलं तर थोडं थांबून हळू आवाजात एकदा म्हणा आणि पुढे चला. अमिदाच्या बाबतीत क्राकूवच्या रब्बी मोशे इस्सरलेसनी निकाल दिला आहे की आजकाल कव्वाना नव्हती म्हणून प्रार्थना पुन्हा म्हणत नाहीत, कारण पुन्हा म्हटली तरी ती येईलच असं नाही. सेफार्दी रब्बींपैकीही पुष्कळ जण तसंच वागायला सांगतात. हा निकाल ऐकूनही हात डोळ्यांवरून निघत नसेल, हात धुणं, कुलूप तपासणं यातही तेच चालू असेल, तर हा प्रश्न हझानकडे आणू नका. मानसोपचार तज्ज्ञाकडे जा, आणि तोवर शेमा इतरांबरोबर, हझानच्या गतीने, एकदाच म्हणा.